म्हशाच्या जत्रेतला टोप

सापगाव,
१८ डिसेंबर २००१

ताई,

नमस्कार केला असं समज. खुशाली अगदी शेवटी लिहितो, कारण ती वाचून झाली की तू पत्र फळीवर ठेवून देतेस आणि उरलेलं चार दिवसांनी वाचतेस.

यंत्र पार्कातून उचलून घरी आणलंय. पडवीत ताडपत्रीखाली पडलं आहे आणि सुगंधा येता-जाता त्याच्याकडे असं बघते, की मी सवतच आणून बसवली आहे. चूक तिची नाही. कंपनीने नोकरी सोडायला दिलेले सगळे पैसे त्यात गेले. पण ताई, चूक यंत्राचीही नाही!

तू ते पाहिलेलं नाहीस म्हणून नीट सांगतो. एक गोल चौथरा, त्याला कमरेइतका कठडा. मध्ये माणूस उभा राहतो. डोक्यावर एक जड टोप घालायचा, त्यात डोळ्यांसमोर दोन बारके पडदे असतात. टोपाची वायर कॉम्प्युटरला. टोप घातला की हे जग बंद. आत खांबांचं मोठं दालन आहे, पलीकडे पाणी, वर आकाश. मान डावीकडे वळवली की डावीकडचं दिसतं, वर केली की आकाश दिसतं. मागे वळलं तर मागेसुद्धा पायऱ्या आहेत! सिनेमात मागे काय असतं? मागच्या रांगेतला माणूस. अंधेरीतलं एक गेम पार्लर बंद पडलं तेव्हा मी ते तिथून घेतलं. पहिल्यांदा टोप घातला तेव्हा दुकानदाराने खांद्याला हलवून बाहेर काढलं मला.

आणि हायवेवरच्या वॉटर पार्कात त्याचं काय झालं? माणसं घसरगुंडीवरून ओलीचिंब येणार आणि तसल्याच डोक्याने टोपात शिरणार. टोपाला ओल्या टॉवेलचा वास सुटला. आत येण्याचं तिकीट दीडशे, ते भरून बसलेला माणूस माझ्यासाठी वेगळे पन्नास काढताना अशी तोंडं करतो, जणू मी त्याचा खिसा कापला. त्यातले अर्धे मालकाचे. मुंबईची पोरं तर टोप काढायच्या आधीच सांगत, "तिकडच्या मोठ्या पार्कात याच्यापेक्षा भारी आहे." मग जा ना तिकडे!

आता काम सांगतो. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा. तुझे सासरे जत्रेच्या कमिटीत आहेत. मला एक जागा मिळवून दे. जनरेटर माझा मी आणतो. तिकीट वीस रुपये ठेवीन.

खरं सांगू? जागेइतकंच मला तुझ्या सासऱ्यांना ते दाखवायचं आहे. "मुंबईवाल्यांनी टाकलेलं सामान शेखर उचलून आणतो," असं ते माझ्या देखत चारचौघांत म्हणाले होते. एकदा फक्त त्यांनी तो टोप घालावा. मग बोलावं.

आम्ही सगळे बरे आहोत.

शेखर


धसई,
२७ डिसेंबर २००१

शेखर,

तुझं पत्र एका दमात वाचलं, खुशालीची वाट न बघता. फोन करणार होते, पण आमचा फोन सासऱ्यांच्या ओटीवर आहे आणि मी बोलायला लागले की सगळ्या घराला पाणी प्यायला ओटीवरच यावंसं वाटतं. म्हणून लिहिते.

तुझी जागा झाली. घोंगडीवाल्यांच्या ओळीच्या टोकाला, पाळण्याच्या अलीकडे. सासरे म्हणाले, "तुजा भाऊस हाय, नाय कसा म्हनू? पन वीस रुपयं? पाळन्यात पाच रुपयात मानूस आभाळात जाऊन येतो." मी म्हटलं, तो मागच्या पायऱ्याही दाखवतो. 

आता माझं ऐक. मनस्वी दहावीला आहे, तुला माहीत आहे. वर्गात तिच्या वर कोणी नाही. तिला अकरावीला तुमच्या जवळ शहापूरला यायचंय, सायन्सला. तुझ्याकडे राहील, घरकामाला मदत करील, असं आमचं दोघींचं गेल्या दिवाळीपासून ठरलेलं. आणि परवा सासरे मुरबाडच्या बाजारातून आले ते शब्द देऊनच. सावळाराम म्हणून त्यांच्या ओळखीचे आहेत, त्यांचा पुतण्या. जत्रा संपली की साखरपुडा. लग्न अठरा पूर्ण झाल्यावर. तोवर पोरीने घरात बसायचं, कारण तिकडच्यांना शिकलेली चालते पण बाहेर राहून शिकलेली चालत नाही.

मी बोलले. सासरे म्हणाले, शब्द गेला. हे म्हणाले, बाबांनी शब्द दिलाय. माझ्या नवऱ्याने आजवर स्वतःचं म्हणून काही वाक्य बोललेलं मी ऐकलं नाही. सासूबाईंचं तर विचारूच नकोस. "चहा टाकू का?" विचारलं तरी त्या आधी सासऱ्यांकडे बघतात. गोजरबाई म्हणजे घरातला खांब, असं लोक कौतुकाने म्हणतात. खांबाला कोणी काही विचारत नाही.

मलाही दहावीनंतर असंच बसवलं होतं. तेव्हा तू लहान होतास. आज तू कर्ता आहेस, पोरीचा मामा आहेस. जत्रेच्या आधी एकदा येऊन सासऱ्यांशी बोल. यंत्राबद्दल नको, मनस्वीबद्दल.

ताई


म्हसा, जत्रा,
३१ जानेवारी २००२

ताई,

यायला जमलं नाही. जनरेटर, ताडपत्री, टेम्पो, सगळ्यांच्या मागे एकटा धावत होतो. आणि मी बोलून तुझे सासरे ऐकणार होते का? माझं ऐकतं कोण?

पहिले दोन दिवस एक कुत्रं फिरकलं नाही. माणसं येतात, उभी राहतात, पाटी वाचतात आणि पाळण्याकडे चालू लागतात. एकाने विचारलं, "यात बाई नाचते काय?" नाही म्हटल्यावर गेला. घासाघीसही कोणी करत नाही. घासाघीस केली असती तर निदान हवंय तरी असं वाटलं असतं. मी दहा रुपयांवर आलो. वर बाहेरच्या लोकांना दिसावं म्हणून लावलेला टीव्ही बघून पोरं फुकटात पोट भरून घेतात.

काल दुपारी तुमच्या आळीतल्या बायका आल्या. गोजरआई त्यांच्यात होत्या. तुझे सासरे, महिपतबाबा, बैलबाजारात. मी म्हटलं, "आई, तुम्ही बसा, तुम्हाला तिकीट नाही." बाकीच्यांनी हसत-हसत त्यांना चौथऱ्यावर ढकललं. पदरावरून टोप घातला. आधी दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरला होता. मग एक हात सोडला. मग दुसरा. चार मिनिटं झाली तरी "पुरे" म्हणेनात. पुढे गिऱ्हाईक नव्हतंच, मी पुन्हा चालू केलं.

टोप काढला तर अंबाडा त्यात अडकून सुटला. केस मोकळे, कुंकू कपाळभर फासलेलं, आणि त्या डोलायला लागल्या. हे होतंच, ताई. डोळे म्हणतात आपण चाललो, पाय म्हणतात उभे आहोत, म्हणून दोन मिनिटं गरगरतं. मलाही झालं होतं. पण तुमची ती जिवली ओरडली, "अगो बाय, आली! गावदेवी आली गो!" झालं. मी घसा फोडून सांगतोय, "चक्कर आलीय त्यांना, लिंबू आणा!" लिंबू आणलं. ओवाळायला.

तेवढ्यात महिपतबाबा आले. टोपी काढली, हात जोडले. म्हणाले, "आई, काय चुकला असंल तर सांग."

आणि गोजरआई बोलल्या. त्यांचा आवाज मी इतक्या वर्षांत धड ऐकला नव्हता. "माज्या नातीला घरात कोंडायची नाय. पोर शिकंल. मामाच्या घरी जाईल. साखरपुडा करायचा नाय. सांगितला तो सांगितला." मग खाली बसल्या आणि पाणी मागितलं. मी वायर हातात घेऊन बावळटासारखा उभा.

मनस्वीचं ते तुम्ही घरात बघून घ्यालच. माझं काय झालं ते बघ. आज सकाळपासून रांग लागली आहे. कसली? बायका नारळ घेऊन आल्या आहेत! कोणाला सुनेबद्दल विचारायचंय, कोणाला हरवलेल्या गाईबद्दल. तिकीट मागितलं तर एक म्हातारी म्हणाली, "देवीच्या जाग्यावर तिकीट घेतोस? हात झडतील." टोपातल्या काचांवर हळद-कुंकू भरलंय, आतलं आकाश लाल झालंय. चार बायका टोप घालून उतरल्या आणि चारही घुमल्या. आत काय दिसलं, पाणी दिसलं का, खांब दिसले का, हे एकीनेही सांगितलं नाही. एवढं जग घेऊन आलोय मी इथे आणि लोक त्याला पाठ करून नारळ फोडतायत.

शेखर


धसई,
१ फेब्रुवारी २००२

शेखर,

जीपवाल्या लखमाने तुझं पत्र आणून दिलं, त्याच्याच हाती हे पाठवते, उद्या तुला मिळेल.

तुला कळतंय का काय झालंय ते? "घरात बघून घ्याल" म्हणे! अरे, सासऱ्यांनी परवापासून साखरपुड्याचा 'स'सुद्धा काढलेला नाही.  काल जेवताना एवढंच म्हणाले, "देवीचा वाक्य मोडता नाय यायचा." मनस्वी अभ्यासाला बसली तर दिवा तिच्याकडे सरकवला. स्वतःच्या हाताने.

देवी आली की नाही ते मला विचारू नकोस. मला देवधर्म कळतो तेवढाच कळतो. सासूबाई काल सकाळी नेहमीसारख्या उठल्या, चूल पेटवली. जिवली पाया पडायला आली तर तिला म्हणाल्या, "उठ, भाकरी करपतील." मी जवळ बसले, विचारावं म्हणून. नाही विचारलं. काही गोष्टी विचारल्या की मोडतात.

तुझ्याकडे एकच मागणं आहे. तुझं ते डोळे आणि पाय काय म्हणतात, ते शास्त्र तुझ्यापाशी ठेव. जत्रा संपेपर्यंत तोंड उघडू नकोस. लोकांना नारळ फोडायचेत तर फोडू दे. सावळाराम जत्रेतच आहेत आणि ते निमित्तच शोधतायत. त्यांच्या कानावर "यंत्राने चक्कर येते" एवढं पडलं की संपलं. शब्द देवीसाठी मोडता येतो, चक्करेसाठी नाही.

मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही, हे तुला माहीत आहे.

ताई


म्हसा, जत्रा,
२ फेब्रुवारी २००२

ताई,

तुझ्याकडून काही आलं नाही, तरी लिहितो, कारण इथे बोलायला माणूस नाही.

आज सकाळी कमिटीचे दोघे आले. म्हणाले, लोक इथे नारळ फोडतात, पायात करवंट्या येतात, एक तर ओटा बांध नाहीतर खेळ बंद कर. ओटा! मी मंदिराचा पुजारी आहे का? माझं डोकंच फिरलं. शेजारच्या घोंगडीवाल्याकडून पुठ्ठा घेतला आणि मोठ्या अक्षरांत पाटी लिहिली: "सूचना. टोप काढल्यावर थोडा वेळ गरगरते. हे यंत्रामुळे होते. यात देवाचा काही संबंध नाही. नारळ आणू नयेत. तिकीट दहा रुपये." आणि टांगली चौथऱ्यावर.

खूप बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? तीन दिवसांत पहिल्यांदा मी माझ्या यंत्राचा मालक झालो. आणि गंमत बघ, पाटी वाचून दोन मास्तर आले, तिकीट काढून चढले. एक उतरताना म्हणाला, "पाणी अगदी पायाशी आलं हो!" मी त्याला चहा पाजला.

ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात लखमाने तुझी चिठ्ठी दिली. वाचली. पाटी त्याच क्षणी काढली, फाडली. पण ताई, तमाशाच्या तंबूवरच्या लाउडस्पीकरवाल्याने ती गंमत म्हणून दोनदा वाचून दाखवली होती. सगळ्या जत्रेला.

मला काय माहीत, तू अशी चिठ्ठी पाठवणार आहेस?

शेखर


धसई,
४ फेब्रुवारी २००२

शेखर,

तुला काय माहीत! तुझ्यासमोर घडलं. तुझ्या कानांनी ऐकलंस. "मामाच्या घरी जाईल" म्हणाल्या ना त्या? तो मामा कोण, ते तरी कळलं होतं ना?

काल संध्याकाळी सावळाराम घरी येऊन बसले. लाउडस्पीकरवर ऐकलेलं सगळं शब्दन् शब्द म्हणून दाखवलं. वर हसून म्हणाले, "ताईंच्या भावानंच लिवलाय, म्हंजे खराच असंल." मी चहा घेऊन दारात उभी होते. कप खाली ठेवला आणि आत आले, नाहीतर फेकला असता.

सासरे चिडले नाहीत. ते चिडत नाहीत, हीच तर पंचाईत आहे. विचार करून म्हणाले, "मी सोता बसतो यंत्रात. यंत्रानं गरगरत असंल तर मी पन गरगरंन. मग दिलेला शब्द पाळायचा. मी नाय गरगरलो, तर ती देवी होती. मग शब्द परत." सावळाराम हो म्हणाले. परवा, बुधवारी, दोघे येतायत तुझ्याकडे. सासूबाई मागच्या दारात तांदूळ निवडत होत्या. सगळं ऐकत होत्या. हात थांबला नाही त्यांचा.

मनस्वीने रात्री पुस्तकं पेटीत भरून ठेवली. रडली नाही. रडली असती तर मला चाललं असतं.

तुला हवं होतं ना सासऱ्यांनी टोप घालावा? घालतायत. दाखव आता त्यांना तुझ्या मागच्या पायऱ्या.

नम्रता


सापगाव,
९ फेब्रुवारी २००२

ताई,

निकाल तुला कळला असणारच. तो कसा लागला ते मी सांगतो, आणि वाचून झालं की हे पत्र चुलीत घाल.

तुझी चिठ्ठी मंगळवारी मिळाली. खाली "ताई" न लिहिता नाव लिहिलंस, ते मी बघितलं.

मी आधी ठरवलं, बाबांना सरळ सांगायचं की मी चुकलो, पाटी खोटी होती. पण ते म्हणाले असते, बरं, मग बघूच. यंत्र बंद पडलं म्हणावं, तर सावळाराम म्हणाले असते, बरं बंद पडलं नेमकं! चालायला तर हवं होतं. चालून गरगरायला नको होतं. माझ्या यंत्रात बसून उतरलेला एकही माणूस सरळ उभा राहिलेला नाही, आणि हे वयस्कर, सकाळपासून बैलबाजारात उन्हात फिरलेले.

टोपाच्या मागच्या बाजूला एक बारीक वायर आहे. मान कुठे वळली ते ती कॉम्प्युटरला सांगते. ती काढली की आतलं चित्र जागच्या जागी थांबतं. मान कुठेही फिरव, समोर तेच खांब. पाणी हलत नाही, आकाश वर जात नाही. मग डोळ्यांना आणि पायांना भांडायला काही उरत नाही. माणूस उभाच्या उभा राहतो. आणि त्या यंत्रात बघण्यासारखंही काही उरत नाही.

बुधवारी ते आले. मागे शंभरेक माणसं. मी बाहेरचा टीव्ही आधीच बंद करून ठेवला होता, काच गेली म्हणून सांगितलं. बाबांनी टोपी काढून माझ्या हातात दिली. धोतर सारखं केलं. चौथऱ्यावर चढताना मला म्हणाले, "शेखर, दाखव बगू तुजा मुंबईवाला."

ताई, सगळ्या जत्रेत एकाच माणसाला मला ते दाखवायचं होतं. नीट, पूर्ण, मागच्या पायऱ्यांसकट. तो माणूस माझ्यासमोर मान खाली घालून उभा होता आणि मी त्याला टोप चढवत होतो. वायर लावायला एक बोट पुरलं असतं.

नाही लावली.

त्यांनी डावीकडे बघितलं. उजवीकडे. वर. फार मनापासून बघत होते, कुठे काही राहून जाऊ नये म्हणून. मग स्वतःच टोप काढला आणि खांबासारखे ताठ उतरले. "मला काय झाला नाय," असं सगळ्यांना सांगितलं. सावळारामांना म्हणाले, "तुमी पन चढा, उगा मागाहून शंका नको." ते चढले, तेही तसेच उतरले. बाबांनी म्हटलं, "झाला. देवीच होती." गर्दीतल्या बायकांनी तिथूनच हात जोडले.

आणि मग ते माझ्याकडे आले. मला वाटलं, आता टोमणा मारतील. खांद्यावर हात ठेवला, ताई. हळू आवाजात म्हणाले, "तुला कोनीतरी फसवलाय रे, पोरा. भिताडावरचा क्यालेंडर यापरीस बरा. इकून टाक, आनि कंपनीत परत बग." रागावले असते तर सोसलं असतं. त्यांना माझी दया आली.

पुढचं एका तासात झालं. महिपतबाबांना काही दिसलं नाही, ही बातमी पाळण्यापर्यंत गेली. तिकीट कोणी काढेना. ज्यांनी आधी काढलं होतं तेही पैसे परत मागायला आले. नारळवाल्या बायका म्हणाल्या, देवी गोजरबाईची होती, यंत्र नुसताच डबा. म्हणजे देवीचे लोकही गेले आणि विज्ञानाचेही. मी पाटी लावणारा माणूस, शेवटी देवीचा साक्षीदार होऊन घरी आलो. टेम्पोवाला वाटेत विचारत होता, काय भाऊ, धंदा कसा झाला?

आता तू म्हणशील, छान केलंस. म्हणू नकोस. मी अजून चिडलेलो आहे, कोणावर ते कळत नाही.

शेखर


धसई,
१४ फेब्रुवारी २००२

शेखर,

छान केलंस म्हणत नाही.

पत्र चुलीत घातलं. आधी तीनदा वाचलं.

सासरे स्वतः सावळारामांच्या घरी जाऊन देवीचं वाक्य सांगून शब्द परत घेऊन आले. त्यांनीही पाहुणचार केला. कोणाची मान खाली गेली नाही. मनस्वीची पुस्तकं पेटीतून बाहेर आली आहेत.

तुझ्या रागाला मी काही करू शकत नाही. तो माझ्यावर काढ. चालेल मला.

ताई


सापगाव,
२१ जून २००२

ताई,

निकाल वाचून सुगंधाने शेजारच्या चार घरांत पेढे वाटले, जणू पेपर तिनेच लिहिला. शहापूरच्या कॉलेजचा अर्ज आणून ठेवला आहे. मनस्वीला सोमवारी घेऊन ये. पडवीतली जागा रिकामी झाली आहे, तिथे तिचं टेबल बसेल.

हो, विकलं. कॉम्प्युटर एका टायपिंग क्लासवाल्याने घेतला. चौथरा आणि टोप भंगारवाल्याने किलोवर नेला. मी त्याला म्हटलं, एकदा घालून तर बघ. तो म्हणाला, "साहेब, वजन सांगा." कंपनीत कंत्राटावर परत लागलोय. ज्यांच्या हाताखाली होतो ते आता मला ओळख दाखवतात, एवढं बरं आहे.

मी खूश आहे का, ते विचारू नकोस. पोरीला घेऊन ये.

शेखर


धसई,
२९ जून २००२

शेखर,

मनस्वीला तुमच्याकडे सोडून आल्यापासून घर मोठं झाल्यासारखं वाटतं. सासरे दोनदा तिला हाक मारून गप्प बसले.

हे पत्र वेगळ्या कारणाने लिहिते. काल शेतावर रोपातलं तण काढायला आम्ही दोघीच होतो, सासूबाई आणि मी. अंगात आलं त्या दिवसापासून मी जे विचारलं नव्हतं, ते काल विचारलं. पोर जाऊन पोचली होती. आता काही मोडणार नव्हतं. म्हटलं, "आत्याबाई, त्या दिवशी खरंच देवी आली होती, की चक्कर?"

त्या तण उपटत राहिल्या. मग म्हणाल्या, "चक्कर कसली? लावनीत दीस दीस वाकून वर बगितला का त्यापरीस जास्त गरगरतं."

मी म्हटलं, "मग देवी?"

"देवी कशाला येल तिकडं, घोंगडीवाल्यांत?"

 त्यांनीच पुढे सांगितलं. जसं बोलल्या तसं लिहिते. "आत कोन नव्हता गो. येवढा मोठा घर, खांब, पानी, आनि कोन हाक मारीत नाय. मी मान इकडं केली तं समदा इकडं फिरला. तिकडं केली तं तिकडं. म्हटला, हे काय! मी वर बगितला तं आभाळ पन आला. माज्या मानेनं जल्मात पयल्यांदा कायतरी फिरला. मागं पायऱ्या होत्या, त्या पन बगितल्या. मग तुज्या भावानं टोप काढला आनि तीच जिवली, तीच जत्रा. आनि समोर हे उभे, हात जोडून. म्हटला, आता बोलून घ्यावा. परत कदी असा उभा राहील हा मानूस?"

एवढं बोलून त्या पुढच्या वाफ्यात गेल्या. मी तिथेच बसून राहिले. तू वायर काढली होतीस ते मी त्यांना सांगितलं नाही. सासऱ्यांनाही कधी कळणार नाही.

आणि शेखर, घरी येताना त्या म्हणाल्या, "मनस्वीला बगायला जाऊन येईन म्हनते एक दीस." आजवर त्या एकट्या एस.टी.त बसलेल्या नाहीत. मी म्हटलं, जा ना. चार पावलं गेल्यावर विचारतात, "तुज्या भावाच्या पडवीत असंल ना गो ते यंत्र?"

मी त्यांना हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. लावणी आटोपली की त्या येणार आहेत, नवीन लुगडं काढून ठेवलंय. मला सांगवलं नाही, तूच सांग.

ताई